श्रमानंतरचा स्नायू : इंधनाचे पुनर्भरण, ऊतींची दुरुस्ती आणि झाडीपट्टीतील भरतीचे मैदान

प्रस्तावना

वैनगंगेच्या परिसरातील वडसा (देसाईगंज) हे गाव बाहेरच्या जगाला गोंदिया–चांदाफोर्ट लोहमार्गावरील स्थानक म्हणून आणि झाडीपट्टी रंगभूमीचे केंद्र म्हणून परिचित आहे. गावाची आणखी एक ओळख पहाटे उठणाऱ्यालाच होते. उजाडण्यापूर्वीच येथील शाळा-महाविद्यालयांची मैदाने आणि ब्रह्मपुरी, आरमोरी, कुरखेड्याकडे जाणाऱ्या रस्त्यांच्या कडा धावणाऱ्या तरुण-तरुणींनी भरून जातात. ही धावपळ हौसेची नाही. पोलीस शिपाई पदाच्या ५० गुणांच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर धावणे आणि गोळाफेक करावी लागते. राज्य राखीव पोलीस दलाच्या उमेदवाराला ५ किलोमीटर धावावे लागते. उद्योगधंदे विरळ असलेल्या या जिल्ह्यात एका नोकरीवर एका कुटुंबाची दिशा ठरते. त्यामुळे 'ग्राऊंड'ची तयारी करणारा विद्यार्थी शरीराकडून मिळेल तेवढे काम काढून घेतो. काम काढून घेतल्यानंतर त्या शरीराला परत काय द्यायचे, याविषयी मात्र त्याच्याजवळ ऐकीव माहितीपलीकडे फारसे काही नसते.

या ऐकीव माहितीचे स्वरूप मैदानावर सहज कानी पडते. भात खाल्ल्याने अंग जड होते, तो सोडावा. धावल्यावर अर्ध्या तासात पावडर घेतली नाही तर मेहनत वाया जाते. पाय दुखतात ते लॅक्टिक आम्ल साचल्याने, तेव्हा दुखेपर्यंत धावावे आणि फारच दुखले तर गोळी घ्यावी. यांपैकी काही समजुती अर्धवट खऱ्या, काही निव्वळ खर्चिक, तर काही जिवावर बेतणाऱ्या आहेत. जून २०१४ मध्ये मुंबईतील पोलीस भरतीच्या ५ किलोमीटर धावण्याच्या चाचणीत काही उमेदवार मृत्युमुखी पडले. ऑगस्ट-सप्टेंबर २०२४ मध्ये झारखंडातील उत्पादन शुल्क शिपाई भरतीत १० किलोमीटर धावताना दहाहून अधिक तरुण दगावले. प्रत्येक मृत्यूचे वैद्यकीय कारण वेगळे असू शकते. परंतु अशा घटनांनंतर चर्चा होते ती चाचणीच्या अंतराची, चाचणीपूर्वीच्या कित्येक महिन्यांची होत नाही. प्रस्तुत लेखात कठोर व्यायामानंतर स्नायूत काय घडते, त्याचे इंधन कसे भरून येते आणि आपल्या परिसरात त्याचा नेमका अर्थ काय, याचे विवेचन करण्याचा प्रयत्न केला आहे. लेखाचा रोख शारीरिक शिक्षणाच्या प्राध्यापकांपुरता मर्यादित नाही. हे विद्यार्थी सकाळी मैदानावर आणि अकरा वाजता आपल्या सर्वांच्याच वर्गात असतात.

स्नायूतील कोठार

जोरकस हालचालीसाठी स्नायू प्रामुख्याने ग्लायकोजन वापरतो. ग्लुकोजच्या असंख्य रेणूंची शाखायुक्त साखळी असे त्याचे स्वरूप आहे. फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनी १८५७ मध्ये यकृतातून हा पदार्थ वेगळा केला. सुदृढ प्रौढाच्या स्नायूंमध्ये साधारणतः ३०० ते ५०० ग्रॅम आणि यकृतात १०० ग्रॅमच्या आसपास ग्लायकोजन असते. चरबीचा साठा याच्या कितीतरी पट मोठा असला तरी चरबीपासून ऊर्जा मिळण्याचा वेग मंद आहे. शेवटच्या २०० मीटरमध्ये वेग वाढवायचा असेल तर कोठारात ग्लायकोजन असावेच लागते.

हे कोठार रिकामे झाल्यावर कसे भरते, याचे उत्तर स्वीडनमधील योनास बर्गस्ट्रोम आणि एरिक हुल्टमन या दोन वैद्यकांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगातून मिळाले. प्रयोगासाठी त्यांनी दुसरे कोणी शोधले नाही. एकच सायकल घेऊन दोघांनी दोन बाजूंनी एकेका पायाने पेडल मारले. प्रत्येकाचा दुसरा पाय विश्रांतीत राहिला. थकेपर्यंत हे केल्यावर पुढील तीन दिवस त्यांनी कर्बोदकयुक्त आहार घेतला आणि जाड सुईने दोन्ही मांड्यांतील स्नायूंचे सूक्ष्म तुकडे काढून तपासले. श्रमलेल्या पायातील ग्लायकोजन पूर्ववत होऊन थांबले नाही. ते विश्रांत पायाच्या जवळपास दुप्पट झाले. एकाच माणसाचे रक्त, एकच जेवण आणि तरीही दोन पायांत एवढा फरक. याचा अर्थ, साठा वाढविण्याची क्षमता ज्या स्नायूने काम केले त्याच स्नायूत निर्माण होते. क्रीडा-आहारशास्त्रातील पुढील बहुतेक संशोधन या एका निरीक्षणाच्या पायावर उभे आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

या क्षमतेमागील यंत्रणा आता बऱ्यापैकी स्पष्ट झाली आहे. श्रमाच्या वेळी स्नायुपेशीतील 'ग्लुट-४' नावाची वाहक प्रथिने पेशीच्या आवरणापर्यंत येतात आणि रक्तातील ग्लुकोज आत घेतात. व्यायाम थांबल्यावर साधारण अर्धा ते एक तास हे दार इन्सुलिनच्या मदतीशिवायही उघडे राहते. त्यानंतरचे भरण संथ असून इन्सुलिनवर अवलंबून असते. १९८८ मध्ये अमेरिकेतील जॉन आयव्ही आणि सहकाऱ्यांनी दाखविले की, व्यायामानंतर लगेच कर्बोदके दिली असता पहिल्या दोन तासांत ग्लायकोजन ज्या वेगाने साठते, तो वेग कर्बोदके दोन तास उशिरा दिल्यास जवळपास निम्म्यावर येतो. 'अर्ध्या तासाच्या' समजुतीचे मूळ येथे आहे. मात्र १९९७ मधील एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात, पहिले खाणे दोन तास लांबविलेल्या खेळाडूंचे आणि लगेच खाणाऱ्यांचे ग्लायकोजन ८ तासांनी व २४ तासांनी मोजले असता फरक आढळला नाही. दोन्ही निष्कर्ष परस्परविरोधी नाहीत. पहाटे धावून सायंकाळी पुन्हा मैदानावर उतरणाऱ्याला पहिले दोन तास मोलाचे आहेत. जो दुसऱ्या दिवशी पहाटेच धावणार आहे, त्याच्यासाठी दिवसभराचा एकूण आहार महत्त्वाचा.

भाताचा प्रश्न

येथे भाताकडे वळणे क्रमप्राप्त आहे. झाडीपट्टी हा धानाचा प्रदेश. ज्या अन्नावर पिढ्यान्‌पिढ्या पोसल्या गेल्या, तेच अन्न भरतीची तयारी सुरू होताच मुले ताटातून बाजूला सारतात, ही बाब खेदजनक आहे. वजन घटविण्यासाठी शहरी लोकांना दिला जाणारा सल्ला मोबाईलमार्फत येथवर पोचला आहे. तो ज्याचे वजन आधीच कमी आहे असा मुलगाही पाळतो. दोन वेळा मैदानावर उतरणाऱ्याने पहिल्या काही तासांत शरीराच्या दर किलोमागे, दर तासाला १ ते १.२ ग्रॅम कर्बोदके घ्यावीत, असा आजचा सर्वमान्य संकेत आहे. ६० किलो वजनाच्या मुलाला पहिल्या तासात ६० ते ७० ग्रॅम. शंभर ग्रॅम शिजलेल्या भातात सुमारे २८ ग्रॅम कर्बोदके असतात. म्हणजे सव्वादोनशे ग्रॅम भात, किंवा दोन केळी आणि गुळाचा खडा, किंवा वाटीभर पोहे आणि एक केळ, यात काम भागते. भाताने येणारी सुस्ती वर्गातल्या शिक्षकाला खटकेल, परंतु ती स्नायूच्या दृष्टीने दोष नाही. भात चढण्यामागे अनेकदा भातापेक्षा चार तासांची झोप कारणीभूत असते.

दिवसभराचा हिशोब किलोमागे ६ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे याच मुलासाठी ३६० ग्रॅम कर्बोदके, असा धरता येईल. तीनशे ग्रॅम तांदूळ शिजविल्यास त्यातून २३० ग्रॅमहून अधिक मिळतात. उरलेली वरण, बटाटा, गूळ, फळे यांतून येतात. उन्हाळ्यात गोळा होणारी मोहफुले सुकविल्यावरही साखरेने समृद्ध असतात. त्यांचे लाडू हे या परिसरातील खेळाडूचे स्वस्त आणि सोयीचे खाणे ठरू शकते. मोहाचे नाव काढताच आपल्या मनात केवळ दारू येते, हा आपला दोष. येथे एक स्पष्टीकरण आवश्यक आहे. एकदा १६०० मीटर धावण्यास पाच-सहा मिनिटे लागतात. तेवढ्याने कोठार रिते होत नाही. ते रिते होते दीड-दोन तास चालणाऱ्या सरावाने, पुनःपुन्हा मारलेल्या ४०० मीटरच्या फेऱ्यांनी आणि त्यावर घरच्या शेतीकामाने. ज्या दिवशी सराव हलका, त्या दिवशी या हिशोबाची सक्ती नाही.

प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजनबरोबर स्नायू सुमारे ३ ग्रॅम पाणी साठवितो. त्यामुळे पुनर्भरणाचा विचार पाण्याशिवाय पुरा होत नाही. सरावापूर्वी आणि नंतर वजन करावे. जितके किलो घटले त्याच्या दीडपट लिटर पाणी पुढील काही तासांत थोडेथोडे प्यावे. नुसत्या पाण्याने मात्र ते लघवीवाटे लवकर निघून जाते, म्हणून सोबत मीठ हवे. आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम हातात हात घालून शोषले जातात. १९७१ च्या बांगलादेश मुक्तियुद्धाच्या काळात बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच तत्त्वावर मीठ-साखरेचे पाणी देऊन पटकीचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्याही खाली आणले. मैदानासाठी वेगळ्या रंगीत पेयाची गरज नाही. एक लिटर पाण्यात सहा लहान चमचे साखर व अर्धा चमचा मीठ, अथवा मीठ घातलेली भाताची पेज वा आंबील पुरेशी आहे. त्याच वेळी तहान नसताना लिटरच्या लिटर साधे पाणी रिचविणेही घातक ठरू शकते, कारण रक्तातील सोडियम विरळ होते.

दुखणे म्हणजे काय

लॅक्टिक आम्लाची कथा जुनी आहे. स्नायूतील उष्णता व लॅक्टिक आम्ल यांवरील कामासाठी आर्चिबाल्ड हिल आणि ओट्टो मायरहोफ यांना १९२२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे पाठ्यपुस्तकांनी लॅक्टेटला थकव्याचा गुन्हेगार ठरवून टाकले. वस्तुतः व्यायाम थांबल्यावर साधारण तासाभरात रक्तातील लॅक्टेट पूर्वपदावर येते. हृदय आणि इतर स्नायू ते इंधन म्हणून वापरतात, यकृत त्यापासून पुन्हा ग्लुकोज बनविते. जो पदार्थ तासाभरात निघून जातो, तो तिसऱ्या दिवशीच्या वेदनेस जबाबदार असू शकत नाही.

उशिरा येणाऱ्या या वेदनेचे वेगळेपण अमेरिकन शास्त्रज्ञ थिओडोर हफ यांनी १९०२ मध्येच नोंदविले होते. स्नायू ताणला जात असतानाच त्याला जोर लावावा लागतो तेव्हा, उदाहरणार्थ उतारावरून धावताना किंवा बैठकीत खाली जाताना, त्याच्या सूक्ष्म तंतूंना इजा होते. त्यानंतर दाह, सूज आणि दुरुस्ती असा क्रम सुरू होतो आणि २४ ते ७२ तासांदरम्यान वेदना सर्वाधिक जाणवते. याचे उत्तम उदाहरण प्रयोगशाळेत शोधण्याची गरज नाही. रोवणीच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत चिखलात दिवसभर वाकून काम करणाऱ्या बायांच्या कमरा आणि मांड्या भरून येतात. आठवड्याभराने तेच काम, तेवढेच तास, आणि तक्रार जवळपास नाहीशी. इजा झालेला स्नायू दुरुस्त होताना त्याच प्रकारच्या श्रमास अधिक सोशिक बनतो. म्हणून 'दुखले नाही म्हणजे सराव झाला नाही' हे म्हणणे निराधार आहे. उलट, इजा झालेला स्नायू ग्लायकोजनही संथ गतीने साठवितो. पाय भरून आलेले असताना कितीही खाल्ले तरी कोठार लवकर भरत नाही. दुखणाऱ्या दिवशी हलके चालणे, सायकल किंवा पूर्ण विश्रांती हाच शास्त्रशुद्ध मार्ग होय.

वेदनाशामक गोळ्यांविषयी अधिक कठोरपणे लिहिणे भाग आहे. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या गोळ्या मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तपुरवठा कमी करतात. घामाने शरीर कोरडे पडलेले आणि स्नायूंचा मोड झालेला असताना त्या घेणे म्हणजे मूत्रपिंडावर तिहेरी भार टाकणे होय. किराणा दुकानात सुटी मिळते म्हणून ती निरुपद्रवी ठरत नाही.

दुरुस्तीसाठी लागणाऱ्या प्रथिनांची बाब त्यामानाने सोपी आहे, पण खर्च तेथेच होतो. सराव करणाऱ्यास दररोज किलोमागे १.४ ते १.६ ग्रॅम प्रथिने पुरतात. ६० किलोच्या मुलाला ८५ ते ९५ ग्रॅम. वर उल्लेखिलेल्या तीनशे ग्रॅम तांदळातून सुमारे २० ग्रॅम येतात. शंभर ग्रॅम डाळीतून २२, मूठभर भाजलेल्या चण्यांतून १०, दोन अंड्यांतून १२, पावशेर दुधातून ८ आणि ५० ग्रॅम सोयाबीन वडीतून २५. बेरीज गरजेपेक्षा थोडी अधिकच भरते. वैनगंगेची मासोळी असेल त्या दिवशी तर प्रश्नच नाही. तांदळात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते आणि डाळीत ते भरपूर. वरण-भाताची जोडी जमविणाऱ्यांनी हे सूत्र कोणत्या पुस्तकात वाचले नव्हते. लाखोळीची डाळही प्रथिनयुक्त आहे, मात्र तीच मुख्य अन्न म्हणून महिनोन्‌महिने खाल्ल्यास पायांचा लुळेपणा येऊ शकतो, हे धावणाऱ्याने विशेष लक्षात ठेवावे. डबाबंद पावडरीत विशेष गुण नाही. ती दुधाचेच प्रथिन आहे. मजुरीच्या पैशांतून ती घेणाऱ्या विद्यार्थ्याला ही बेरीज कोणीतरी फळ्यावर मांडून दाखवावी.

झोपेविषयी थोडक्यात. दुरुस्तीचे बरेचसे काम झोपेत होते आणि तिला पर्याय नाही. मंडईच्या दिवसांत रात्रभर नाटक पाहून थेट मैदानावर येणारे विद्यार्थी आपण सर्वांनी पाहिले आहेत. झाडीपट्टीच्या नाटकाला नाही म्हणणे आपल्याला तरी कुठे जमते? त्या पहाटे मैदानाला सुटी द्यावी, एवढेच.

सिकलसेलचा वाहक आणि मैदान

आतापर्यंतचे विवेचन कोणत्याही प्रदेशाला लागू पडेल. पुढील मुद्दा मात्र विशेषत्वाने आपला आहे. भारतात सिकलसेल प्रथम १९५२ मध्ये निलगिरीतील आदिवासींमध्ये नोंदविला गेला आणि १९५८ पर्यंत मध्य भारतातील नोंदीही नागपुरातून प्रसिद्ध झाल्या. आज पूर्व विदर्भ हा या आजाराचा परिचित पट्टा आहे. आदिवासींप्रमाणेच अनुसूचित जाती व इतर मागास समाजांतही तो आढळतो. दोन्ही पालकांकडून सदोष जनुक आलेला 'एसएस' रुग्ण बहुधा लहानपणीच दवाखान्यात पोचतो. एकाच पालकाकडून ते आलेला 'एएस' वाहक मात्र निरोगी असतो, त्याला कसलाही त्रास नसतो आणि पुष्कळदा त्याला स्वतःलाही हे ठाऊक नसते. असे अनेक वाहक आपल्या मैदानांवर धावत आहेत, असे गृहीत धरूनच चालले पाहिजे.

एरवी निरोगी असलेल्या वाहकाच्या बाबतीत अतिश्रम, ऑक्सिजनची कमतरता, रक्ताची आम्लता, शरीरातील पाण्याचा अभाव आणि उष्णता एकत्र आल्यास तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन स्नायूतील सूक्ष्म रक्तवाहिन्या अडवू शकतात. रक्ताविना स्नायू मरू लागतो आणि त्यातील मायोग्लोबिन व पोटॅशियम रक्तात उतरते. मायोग्लोबिन मूत्रपिंड बंद पाडते. पोटॅशियम हृदय थांबवू शकते. १९४१ मध्ये लंडनवरील बॉम्बहल्ल्यांत ढिगाऱ्याखाली चिरडलेल्या जखमींचे मूत्रपिंड निकामी होताना एरिक बायवॉटर्स यांनी जे पाहिले, त्याच्याशी ही प्रक्रिया मिळतीजुळती आहे. अमेरिकी सैन्यातील सुमारे ४८ हजार आफ्रिकी वंशाच्या सैनिकांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वाहकांमध्ये श्रमजन्य स्नायुनाशाचा धोका ५४ टक्क्यांनी अधिक आढळला. मृत्यूचा धोका मात्र अधिक आढळला नाही. या सैन्यात पाणी, विश्रांती आणि क्रमाक्रमाने वाढणारा सराव यांचे नियम वाहक असो वा नसो, सर्वांना लागू होते. ही बाब आपल्या दृष्टीने निर्णायक आहे. वाहकाला मैदानातून हाकलण्याची गरज नाही. मैदानच सर्वांसाठी सुरक्षित करता येते.

लक्षणे ओळखणे कठीण नाही. साध्या गोळ्यात स्नायू दगडासारखा आवळतो आणि मुलगा कळवळतो. वाहकाचा कोसळणे निराळे असते: सरावाच्या सुरुवातीच्या भागातच पाय निःशक्त होतात, मांड्या व कंबर दुखू लागते, तो बसतो किंवा पडतो, पण शुद्धीवर असतो आणि बोलतो. बोलतो म्हणून त्याला 'नाटक करतो' समजून उठविले जाते. अशा वेळी धावणे तत्काळ थांबवून, सावलीत नेऊन, अंग थंड करून, ऑक्सिजनची सोय असलेल्या रुग्णालयात विनाविलंब पोचविणे आवश्यक असते. दुसरे लक्षण घरी दिसते. कठोर सरावानंतर एक-दोन दिवसांत लघवी चहाच्या कोऱ्या काढ्यासारखी किंवा कोलासारखी गडद झाली, तर वाहक असो वा नसो, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे आणि कोणतीही वेदनाशामक गोळी घेऊ नये.

राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झाले. त्याअंतर्गत शासकीय आरोग्य केंद्रांतून तपासणी होते. प्राथमिक चाचणीत दोष आढळल्यास पुढील चाचणीने 'एएस' की 'एसएस' हे निश्चित केले जाते. प्रवेशाच्या वेळी होणाऱ्या आरोग्य तपासणीत आपण उंची आणि वजन नोंदवितो. त्याच दिवशी आरोग्य केंद्राच्या पथकाला बोलावून ही तपासणी घेता येईल. नोंद गोपनीय राहिली पाहिजे. विशेषतः मुलींच्या बाबतीत 'वाहक' हा शब्द गावात फुटला तर त्याची किंमत विवाहाच्या बोलणीत मोजावी लागते, हे आपण जाणतोच. विद्यार्थ्याला स्वतःला आणि मैदानावर देखरेख करणाऱ्या एका प्राध्यापकाला ते माहीत असणे पुरेसे आहे.

जाहिरात निघाली की महिनाभराची सुस्ती झटकून मुले पहिल्याच दिवशी पूर्ण अंतर पूर्ण वेगाने धावतात, आणि धोका सर्वाधिक असतो तो याच आठवड्यात. पहिल्या सात-आठ दिवसांत अर्धे अंतर, प्रत्येक फेरीनंतर श्वास पूर्ववत होईपर्यंत थांबा, एप्रिल ते जून सूर्य वर येण्यापूर्वी सराव समाप्त, ताप किंवा जुलाब असताना पूर्ण सुटी, आणि मैदानाच्या कडेला मीठ-साखरेच्या पाण्याची एक घागर. राष्ट्रीय सेवा योजनेचे दोन स्वयंसेवक ती रोज पहाटे भरून ठेवू शकतात.